सातशे बेचाळीस मिलिग्रॅम

"सातशे बेचाळीस," अप्पा म्हणाले आणि चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडं असं बघायला लागले, की जणू लबाडी मीच केलीय.

काट्यावर माझी गोळी होती. पांढरी, लांबट, चांगली दणकट. चांदी तोलायचा काचेच्या पेटीतला काटा, मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा, त्याच वर्षी घेतलेला. त्याला आईनंसुद्धा हात लावायचा नाही असा घरात दंडक होता.

"पट्टीवर काय लिहिलंय ते वाच."

"पाचशे मिलिग्रॅम."

"आणि भरतंय किती?"

"सातशे बेचाळीस."

"मग?"

मग काय, मला काय माहीत. मला भूक लागली होती. आतून आई ताट वाढल्याचं दोनदा ओरडून गेली होती आणि गोळी जेवतानाच घ्यायची होती.

"अप्पा, द्या हिकडं. मगदूम डॉक्टरमॅडमनी अख्खी गिळायला सांगितलीय."

"मॅडमनी पाचशे सांगितलंय. ही पाचशे न्हाई. ही सातशे बेचाळीस हाय. म्हणजे मॅडमचं ऐकायचं की कंपनीचं?"

आम्ही हुपरीचे. गावात घरटी चांदीचं काम. अप्पांनी तीस वर्षं पैंजण केले आणि त्या तीस वर्षांत कुणाला गुंजभर कमी दिलं नाही, की कुणाकडून गुंजभर जास्त घेतलं नाही. अशा माणसाला औषधाची कंपनी दोनशे बेचाळीस मिलिग्रॅम फुकट देतेय हे पटणं शक्यच नव्हतं. त्यांच्या मते यात काहीतरी गोम होती.

त्यांनी बारीक कानस काढली. गोळी चिमट्यात धरली आणि कडेनं हळूहळू घासायला लागले. दर चार घासण्यांनंतर काट्यावर. सहाशे ऐंशी. सहाशे दहा. पाचशे चाळीस. शेवटी बरोबर पाचशेवर आणून त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. खालच्या कागदावर पडलेला पांढरा कीस पिसाच्या ब्रशनं गोळा करून एका चांदीच्या डबीत भरला.

"तो कशाला ठेवताय?"

"कीस टाकायचा असतो व्हय?"

आमच्याकडं कारखान्यातली झाडलोटसुद्धा कुणी फेकत नाही. हात धुतलेलं पाणी पिंपात साठवतात आणि तळाशी बसलेल्या गाळातून चांदी काढतात. कीस टाकायचा हे अप्पांच्या डोक्यातच येणारं नव्हतं. मी पाण्याबरोबर गोळी गिळली. घासलेल्या बाजूनं ती घशात अडकत गेली आणि तोंडभर कडू झालं.

तर ही गोळी मला का लागली ते सांगते. तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. पोलीस भरतीची तयारी करत होते. गेल्या खेपेला दोन मार्कांनी गेलं होतं, आणि ते दोन्ही मार्क आठशे मीटरच्या धावण्यातले होते. रोज पहाटे पळायचे, भाकरी मोजून खायचे, तरी वजन वाढतच होतं. पाळी पाच महिने आली नव्हती. हनुवटीवर राठ केस यायला लागले होते आणि ते उपटण्यात माझा रोजचा अर्धा तास जायचा. आई म्हणाली, चल, आता डॉक्टरीणबाईंना दाखवू.

मगदूम मॅडमनी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं, किडनीसुद्धा तपासली. मग म्हणाल्या, "पीसीओएस आहे. दर गल्लीत दोन-चार मुलींना असतं, फक्त कुणी सांगत नाही. तुझ्या अंगात इन्शुलिन भरपूर आहे, पण शरीर त्याचं ऐकत नाही. ही गोळी त्याला ऐकायला लावेल."

पट्टीवरचं नाव आईनं वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. "ही तर शुगरवाल्यांची गोळी. माझ्या थोरल्या जावेला चालू आहे."

"तीच आहे. पण हिला शुगर नाही. पहिला आठवडा रात्री जेवताना एक. पोटाला सवय झाली की मग दोन. अख्खी गिळायची. पोट जरा बिघडेल, घाबरायचं नाही. जास्त झालं तर फोन करायचा."

हे सगळं मॅडमनी सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. माझं लक्ष भलतीकडंच होतं. ग्राउंडला, म्हणजे मैदानी परीक्षेला, सातच दिवस राहिले होते. भरतीत मेडिकल पण असतं. तिथं हे कळलं तर? अनफिट म्हणून शेरा मारून पाठवून दिलं तर? आणि या खेपेला नाही झालं तर गडहिंग्लजला आत्याच्या साड्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, हे घरात ठरून गेलेलं. मला साड्यांचा आणि आत्याचा सारखाच कंटाळा होता. मी आईला आणि अप्पांना शपथ घातली, की या आजाराचं नाव घराबाहेर काढायचं नाही.

पाच दिवस रोज रात्री हा सोहळा चालला. अप्पा घासायचे, तोलायचे, मी गिळायची. पोट रोज थोडं कुरकुर करायचं, पण मॅडमनी सांगितलेलंच होतं, म्हणून मी गप्प बसले. अप्पा मात्र रोज सकाळी बारीक चौकशी करायचे. पोट कसंय, चक्कर आली का, तोंड कडू आहे का. इतकी चौकशी त्यांनी माझ्या बारावीच्या निकालाचीही केली नव्हती.

सहाव्या दिवशी दुपारी ते पट्टी खिशात घालून मेडिकल दुकानात गेले. "वजनाचा जाब विचारून येतो," असं सांगून गेले. मला वाटलं, आता तिथं भांडण होणार. पण अर्ध्या तासानं परत आले ते भांडण न करताच. रात्री गोळी घासली नाही, तोलली नाही, तशीच अख्खी माझ्या हातावर ठेवली.

"काय म्हणाला दुकानदार?"

"काय न्हाई. तू जेव. उद्या ग्राउंड हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर अप्पा स्वयंपाकघरात. तीस वर्षांत या माणसानं कधी स्वतःचा चहा गाळून घेतला नव्हता, आणि आज चक्क नाचणीची आंबील ढवळत उभा. आई दारात उभी राहून बघत होती.

"ताकद येती," अप्पा म्हणाले. "घे, सगळी पी."

"कडू लागतीय."

"जिरं जरा जास्त पडलंय."

बापानं जन्मात पहिल्यांदा काहीतरी करून दिलंय म्हणून मी नाक धरून सगळी प्याले. बाकी पोटात काही नव्हतं. पळायचं म्हणून मी मुद्दाम खाल्लं नव्हतं.

कोल्हापुरात ग्राउंडवर साडेसहाला पोचलो. पालक कुंपणाबाहेर, आम्ही आत. छातीवर नंबर लावला, तीनशे अकरा. उंची मोजली, कागद तपासले आणि आठशे मीटरच्या रांगेत बसवलं. तिथं पहिला मुरडा आला.

पहिल्यांदा वाटलं, भीतीनं झालं असेल. कितीतरी मुली जाऊन येत होत्या. दुसऱ्यांदा गेले तेव्हा दारावरची शिपाईबाई हसली. तिसऱ्यांदा हसली नाही. चौथ्यांदा बाहेर आले तेव्हा समोर कुंपणाच्या जाळीला धरून अप्पा उभे होते.

"पोट?" त्यांनी विचारलं.

"हो."

"किती वेळा?"

"चार."

अप्पांचा चेहरा पडला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "उत्तरा, पळू नको."

"काय झालं?"

"मेडिकलवाला म्हणाला, गोळीत औषध पाचशेच असतं. बाकी नुसतं भरण, गोळीचा आकार धरायला. म्हणजे आपल्या चांदीत तांबं असतं तसं. मी हिशोब केला. गोळीचा टंच सदुसष्ट, शंभरात सदुसष्टच औषध. मी तासून देत होतो म्हणजे तुला औषध रोज एक तृतीयांश कमी जात होतं. माझ्या हातनं घट पडत होती, बाळ. पाच दिवसांची घट."

"मग?"

"ती भरून काढायला नको? ग्राउंडच्या आधी? डबीतला सगळा कीस आंबिलीत घातला."

मला तिथंच रडू आलं. आधी रडू, मग राग. "अप्पा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं? तुमचं काय जायचंय? मी गल्ल्यावर बसेन आत्याच्या, तुम्ही बसा घासत." आणखीही बरंच बोलले, ते लिहवत नाही. शेवटी म्हटलं, "आता कुणाला एक शब्द बोलायचं नाही. मी पळणार आहे."

आणि मी रांगेत जाऊन बसले. डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, तोंडाला कोरड पडली होती. माझ्या पुढं दोन बॅच होत्या. मनाशी म्हटलं, तीन मिनिटांचा तर प्रश्न आहे, तीन मिनिटं पोटानं कळ काढावी.

तेवढ्यात गेटकडं गलका झाला. बघते तर अप्पा शिपायाशी हुज्जत घालतायत. मग तिथल्या प्रमुख सरनोबत मॅडम स्वतः गेटवर गेल्या. फौजदार, उंच, चेहरा असा की सकाळपासून एकही मुलगी त्यांच्या समोरून मान वर करून गेली नव्हती. अप्पा हातवारे करत होते. बोटानं घासल्याची खूण केली, तोलल्याची खूण केली, ढवळल्याची खूण केली. माझं सगळं गुपित, कीस आणि पीसीओएससकट, भर मैदानात उघडं पडत होतं. त्या क्षणी मला वाटलं, या माणसाला मी पुन्हा बाप म्हणणार नाही.

"तीनशे अकरा, बाहेर ये," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मला काही झालेलं नाही. मी फिट आहे."

एवढं बोलले आणि मॅडमच्या चकचकीत बुटांपासून वीतभर अंतरावर आंबील बाहेर आली.

मॅडमनी बुटांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "डॉक्टरचा नंबर आहे?" त्यांनी अप्पांना विचारलं. फोन लावला. पलीकडून मगदूम मॅडमचा आवाज मला दोन हातांवरून ऐकू येत होता. "पळवू नका. अजिबात पळवू नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळीवर पळणं धोक्याचं आहे. मीठ-साखरेचं पाणी पाजत पाजत इकडं आणा."

माझ्या छातीवरचा नंबर काढून घेतला. टाचणी सोडवताना सरनोबत मॅडमचा हात हलका होता एवढं आठवतं. बाकी काही आठवत नाही, कारण मी सबंध रस्ता रडत होते आणि अप्पा बाटलीच्या टोपणानं मला पाणी पाजत होते.

दवाखान्यात मगदूम मॅडमनी आधी मला तपासलं, रक्त घेतलं, सलाईन लावलं. दुपारी रिपोर्ट आला. किडनी ठीक होती. मग त्यांनी अप्पांना समोर बसवलं.

"महामुनी, ही गोळी सावकाश विरघळायला केलेली असते. रात्रभर थोडं थोडं औषध सुटतं. तुम्ही तिची भुकटी केलीत म्हणजे सगळं औषध एका दमात पोटात गेलं. तेही उपाशीपोटी, आणि रात्रीची अख्खी गोळी गेलेली असताना वर आणखी दीड गोळीचं."

"घट पडली होती, मॅडम."

"पडू द्यायची. औषधाचा चुकलेला डोस भरून काढायचा नसतो. चुकला तर चुकला, पुढचा वेळेवर घ्यायचा. ही चांदी नाही."

अप्पांनी मान खाली घातली.

"पट्टी दाखवा."

अप्पांनी खिशातून पट्टी काढली. मॅडमनी ती उलटी-सुलटी केली आणि चष्म्यावरून बघितलं. "पंधराची पट्टी. सहा रात्री झाल्या, सहा गोळ्या गेल्या. नऊ हव्यात. या तीनच आहेत. बाकीच्या सहा कुठं आहेत?"

मी सलाईनच्या बाटलीकडं बघत होते, ती एकदम मान वळवली. मीही त्या घेतल्या नव्हत्या. आईनंही नव्हत्या. अप्पा पंख्याकडं बघायला लागले.

"मी खाल्ल्या," ते म्हणाले.

"का?"

"रोज दुपारी चारला एक. अख्खी. मग आठपर्यंत बघत बसायचो काय होतंय ते. काय न्हाई झालं की मग पोरीला द्यायची. शुगर नसलेल्या माणसाला शुगरची गोळी, मॅडम. ठाव नसलेली चीज. तिला डायरेक्ट कसं देऊ?"

माझा सकाळपासूनचा सगळा राग कुठं गेला मला कळलं नाही. रोज सकाळी ते माझ्या पोटाची एवढी बारीक चौकशी का करत होते ते आता कळलं. त्यांना काय काय होतंय ते आधीच माहीत होतं. स्वतःच्या पोटाची कुरकुर ऐकून ते माझी विचारत होते. मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही वेडे आहात."

"वेडेच आहेत," मगदूम मॅडम म्हणाल्या. पण त्यांनीही मान जरा खाली घातली होती. "वय पंचावन्न, किडनी कधी तपासलेली नाही, आणि निघाले औषध चाखायला. हात पुढं करा, तुमचंही रक्त घ्यायचंय."

अप्पांनी हात पुढं केला. सुईला घाबरून डोळे मिटून बसले.

मला दोन दिवस गोळी बंद, मग पुन्हा पहिल्यापासून रात्री एक, आणि अख्खी. मॅडमनी दाखला लिहून दिला. "तो घेऊन ग्राउंडवर जा. विचारून तर बघ. नाही म्हणाले तर म्हणाले."

"पण यात आजाराचं नाव आहे, मॅडम."

"असणारच. खोटा दाखला देऊ?"

अप्पा म्हणाले, "चूक माझी हाय, अर्ज मी लिहिणार." रात्री जेवण झाल्यावर पाट मांडून बसले. सातवी पास माणूस, चार कागद फाडले. पाचवा मी जपून ठेवलाय, त्याची नक्कल इथं देते.

"अर्जदार दिनकर विष्णू महामुनी, धंदा चांदीकाम, राहणार हुपरी, अर्ज करतो ऐसा जे, माझी मुलगी उत्तरा हिला पीसीओएस नावाचा आजार असून त्यावर गोळी चालू आहे. सदर गोळी मी कानशीने घासली व कीस साठवला व तो ग्राउंडदिवशी तिच्या नकळत आंबिलीत घातला. ही चूक माझी आहे. तीस वर्षांत माझ्या कामात अशी चूक झालेली नाही. मुलीचा यात दोष नाही. तिचा आजार लपवण्यासारखा नाही असे डॉक्टरीणबाईंचे म्हणणे असून ते मला मान्य आहे. तरी तिला एक वेळ पळू द्यावे. इथून पुढे गोळीला हात लावणार नाही."

दुसऱ्या दिवशी सरनोबत मॅडमनी अर्ज उभ्या उभ्या वाचला. कानशीपाशी थांबल्या. आंबिलीपाशी पुन्हा थांबल्या. ओठ घट्ट मिटून घेतले होते. मग दाखला वाचला आणि तिथं मात्र बराच वेळ लावला. मी जमिनीकडं बघत होते. आता शेरा पडणार, अनफिट.

"कोणती गोळी?" त्यांनी विचारलं.

"मेटफॉर्मिन. पाचशे."

"किती दिवस झाले सुरू करून?"

"आठवडा."

"हं." कागद घडी करून त्यांनी फायलीत टाकले. "वरिष्ठांकडं पाठवते. आजारी पडलेल्या बाकीच्यांबरोबर शेवटच्या दिवशी नाव लागलं तर लागलं. उद्या दुपारी बोर्ड बघा. आणि वडिलांना कुंपणाच्या बाहेर ठेवा."

नाव लागलं. सत्तावीस तारीख, सकाळी सात.

सव्वीसला रात्री मी आईच्या समोर जेवले आणि पट्टीतली गोळी स्वतः काढून घेतली. अप्पा मुद्दाम बाहेर ओट्यावर जाऊन बसले होते. सत्तावीसला सकाळी एक केळं खाल्लं, पाणी प्याले. ग्राउंडवर आम्ही अकराच मुली होतो. पोट शांत होतं. शिट्टी वाजली.

पहिल्या फेरीत मी सातवी होते. दुसऱ्या फेरीत पायांना जोर आला आणि मी एकेकीला मागं टाकत गेले. शेवटच्या वळणावर छाती फुटायला आली, तरी तोंडानं श्वास ओढत पळत राहिले. रेघ ओलांडली आणि गवतावर हातपाय पसरून पडले.

वरून सरनोबत मॅडमचा आवाज आला, "तीनशे अकरा, दोन चव्वेचाळीस." मला पूर्ण मार्क मिळाले होते. मी उठून उभी राहायला लागले. मॅडमनी कोपराला धरून उठवलं आणि वहीत आकडा लिहिता लिहिता, माझ्याकडं न बघता, फक्त मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "मेडिकलला विचारलं तर सरळ सांगायचं. मला सात वर्षं झाली, तीच गोळी. रात्री जेवताना."

मग त्यांनी पुढच्या मुलीचा नंबर पुकारला.